हरलेल्या डावांचे गणित

सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गोष्ट. सप्टेंबर महिना होता आणि व्हेनिस शहरात मेरीमातेच्या जन्माचा सण साजरा होत होता. वैद्यकशास्त्र शिकलेला एक तरुण तेथील एका प्रतिष्ठिताच्या घरी पत्ते खेळायला बसला. ओळीने दोन दिवस तो खेळत राहिला आणि पैसे, अंगठ्या, एवढेच काय, कपडेसुद्धा हरला. मग त्याच्या लक्षात आले, की पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत. त्याने कमरेची कट्यार उपसून यजमानाच्या तोंडावर वार केला, मेजावरचे पैसे गोळा केले आणि नोकरांना धाक दाखवून बंद दार उघडायला लावले. यजमान जखमी झालेला पाहून त्यातले काही पैसे त्याने परतही फेकले. त्याच रात्री पोलिसांची नजर चुकवून पळताना तो पाण्यात पडला. एका नावेतील लोकांनी त्याला वर ओढले. पाहतो तो काय, तोंडाला पट्टी बांधलेला तोच यजमान नावेत बसलेला! त्याने रागावण्याऐवजी या भिजलेल्या तरुणाला खलाशाचे कपडे दिले आणि दोघे बरोबरच पादुआला गेले.

या तरुणाचे नाव जिरोलामो कार्डानो. पुढे तो युरोपातील अग्रगण्य वैद्यांपैकी एक झाला. बीजगणिताच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे कोरले गेले. मोटारीतील ज्या फिरत्या दांड्याला कार्डन शाफ्ट म्हणतात, त्यालाही त्याचेच नाव मिळाले. पण पत्ते आणि फासे खेळणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळेच आहे. संधीचे गणित मांडणारे पहिले पुस्तक त्याने लिहिले आणि त्याच पुस्तकात खेळणाऱ्यांना सावधगिरीच्या सूचनाही दिल्या. आज पोकर शिकू पाहणाऱ्याला अनुभवी खेळाडू जे चार शब्द सांगतात, त्यातले बहुतेक साडेचारशे वर्षांपूर्वी कार्डानोने लिहून ठेवले होते. ते त्याला सुचले होते ते स्वतः हरून. आणि ते लिहून ठेवणाऱ्याला स्वतःला मात्र ते आयुष्यभर पुरते पाळता आले नाहीत.

नको असलेले मूल

कार्डानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी इटलीतील पाव्हिया येथे झाला. त्याचे वडील फाझिओ हे मिलानमधील वकील. भूमितीचा त्यांचा अभ्यास इतका चांगला होता, की लिओनार्दो दा विंची त्यांच्याशी चर्चा करीत असे. आई कियारा ही विधवा होती आणि फाझिओशी तेव्हा तिचा विवाह झालेला नव्हता. मिलानमध्ये प्लेगची साथ होती म्हणून ती बाळंतपणासाठी पाव्हियाला आली. मागे राहिलेली तिची तिन्ही मुले साथीत दगावली. आपला जन्म होऊ नये म्हणून औषधे घेतली गेली होती, असे कार्डानोने आत्मचरित्रात नोंदवले आहे. विवाहबाह्य संतती हा शिक्का त्याला पुढे फार महाग पडला.

वडिलांची इच्छा मुलाने कायदा शिकावा अशी होती. त्याने वैद्यक निवडले. १५२४ मध्ये वडील वारले. त्यांच्याकडून मिळालेली थोडी पुंजी लवकरच संपली आणि विद्यार्थी कार्डानो पोटासाठी जुगाराकडे वळला. पत्ते, फासे आणि पैसे लावून बुद्धिबळ, असे तिन्ही खेळ तो खेळे. संधीचे गणित त्याला इतरांपेक्षा अधिक कळत असल्याने तो बरेचदा जिंकेही. नवख्याला पहिल्याच दिवसांत मिळालेले यश हा जुगारातील पहिला सापळा असतो. कार्डानो त्यात अलगद अडकला. बुद्धिबळात चाळीस आणि फाशांत पंचवीस वर्षे घालवली, अशी कबुली त्याने म्हातारपणी दिली आहे आणि तीही शरमेने.

पोकरचा पूर्वज

त्याच्या आवडीचा पत्त्यांचा खेळ होता प्रिमेरो. पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या परिसरात रूढ झाला. पण ज्या खेळांच्या घराण्यातून तो आला, त्यातील एक जुना पूर्वज म्हणून प्रिमेरोकडे पाहिले जाते. आठ, नऊ आणि दहा हे पत्ते काढून उरलेल्या चाळीस पत्त्यांवर तो खेळला जाई. प्रत्येकाला चार पत्ते मिळत. चारही पत्ते वेगवेगळ्या रंगांचे आले तर एक दर्जा, चारही एकाच रंगाचे आले तर त्याहून वरचा आणि एकाच किमतीचे चारही पत्ते आले तर सर्वांत वरचा. नको असलेले पत्ते टाकून नवे घेता येत. खेळाडू आळीपाळीने रक्कम वाढवीत जात. ज्याला तेवढी रक्कम लावायची नसेल, तो पत्ते खाली ठेवी. त्यामुळे हातात फारसे काही नसतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवता येई. पोकरमध्ये ज्याला ब्लफ म्हणतात तो हाच. दिवाळीत आपल्याकडे अनेक घरांत रंगणारी तीन पत्ती याच स्वभावाची.

या खेळांचे वैशिष्ट्य असे, की त्यात केवळ नशीब चालत नाही आणि केवळ कौशल्यही चालत नाही. फासे पडतात ते सर्वांना दिसतात. पत्ते झाकलेले असतात. म्हणूनच पत्त्यांच्या खेळात विचाराला आणि माणूस ओळखण्याला वाव अधिक, हा भेद कार्डानोने स्पष्ट केला होता.

दागिने गहाण

वैद्यकाची पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्यमंडळाने कार्डानोला सदस्यत्व नाकारले. कारण देण्यात आले ते त्याच्या जन्माचे. त्याचा फटकळ स्वभावही आड आला असावा. त्यामुळे पादुआजवळच्या साक्को या लहान गावी त्याला व्यवसाय थाटावा लागला. तेथे १५३१ मध्ये लुचिया बांदारिनी हिच्याशी त्याचा विवाह झाला. काही काळाने हे कुटुंब मिलानजवळच्या गाल्लाराते येथे आले. तेथेही रोगी फारसे येईनात. चूल पेटायची कशी, या विवंचनेत कार्डानो पुन्हा जुगाराकडे वळला.

या वेळी नशिबाने साथ दिली नाही. हरलेले परत मिळवण्यासाठी तो आणखी खेळला आणि आणखी हरला. पत्नीचे दागिने गहाण पडले, पाठोपाठ घरातले सामानही गेले. शेवटी मिलानला येऊन या कुटुंबाला गोरगरिबांसाठीच्या आश्रयगृहात दिवस काढावे लागले. या सुमारास त्याचा थोरला मुलगा जन्मला होता.

पोकरच्या नवख्या खेळाडूला पहिली सूचना मिळते ती पैशासंबंधी. खेळासाठी वेगळी काढलेली, पूर्ण गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशीच रक्कम घेऊन बसावे. खेळाडू तिला बँकरोल म्हणतात. ती संपली की उठावे. यामागे केवळ नीती नाही, गणितही आहे. उत्तम खेळणाऱ्यालाही ओळीने दहा-वीस डाव वाईट जाऊ शकतात. ज्याच्याजवळ तेवढे सोसण्याइतकी पुंजी नसते, तो चांगला खेळत असूनही फासा फिरण्याआधीच रिकामा होतो. शिवाय भाड्याचे किंवा दागिन्यांचे पैसे मेजावर असले, की माणूस शांतपणे विचार करूच शकत नाही. समोरच्याने रक्कम वाढवली की तो घाबरून चांगले पत्ते टाकतो, नाहीतर जिवावर उदार होऊन वाईट पत्त्यांवर सर्वस्व लावतो. कार्डानोच्या पुस्तकात थोड्याच रकमेवर खेळावे हा सल्ला आहे. तो देणाऱ्याने गाल्लारातेचे दिवस पाहिले होते.

बीजगणिताचा मानकरी

१५३४ मध्ये मिलानमधील एका धर्मादाय संस्थेत गणिताचा व्याख्याता म्हणून कार्डानोची नेमणूक झाली. वडिलांनी सांभाळलेले हेच पद. फावल्या वेळात तो रोगी तपासू लागला आणि त्याच्या हातगुणाची ख्याती पसरू लागली. १५३६ मध्ये समकालीन वैद्यांच्या चुकीच्या पद्धतींवर टीका करणारे पुस्तक लिहून त्याने आधीच दुखावलेल्या वैद्यमंडळाचा रोष आणखी ओढवून घेतला. तरीही १५३९ मध्ये त्याच मंडळाला आपली दारे त्याच्यासाठी उघडावी लागली.

त्याच वर्षी निकोलो तार्तालिया या गणितज्ञाने घनसमीकरण सोडवण्याची आपली गुप्त रीत कार्डानोला सांगितली, ती कुठेही छापणार नाही अशी शपथ घ्यायला लावून. पुढे बोलोन्या येथे जुनी कागदपत्रे पाहताना कार्डानोला आढळले, की ही रीत तार्तालियाच्या आधीच शिपिओने देल फेरो याने शोधली होती. मग आपण शपथेतून मोकळे झालो असे मानून त्याने १५४५ मध्ये ‘आर्स मॅग्ना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दोघांनाही श्रेय दिले होते. आपल्या घरी पोऱ्या म्हणून आलेल्या आणि नंतर शिष्य झालेल्या लोदोव्हिको फेरारीची चतुर्घात समीकरणाची उकलही त्यात होती. तार्तालियाने मात्र त्याला आयुष्यभर क्षमा केली नाही. ऋण संख्येच्या वर्गमुळाचा हिशेबात धीटपणे वापर केलेलाही याच ग्रंथात सापडतो.

१५५२ मध्ये स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या दम्यावर उपचार करण्यासाठी कार्डानो एडिंबरोला गेला. त्याने त्यांच्या आहार-विहाराला शिस्त लावली आणि पिसांची गादी-उशी काढून टाकायला सांगितली. आर्चबिशपना उतार पडला आणि कार्डानो भरपूर सोने घेऊन परतला. वाटेत इंग्लंडचा किशोरवयीन राजा सहावा एडवर्ड याची कुंडली मांडून त्याने दीर्घायुष्याचे भाकीत केले. पुढच्याच वर्षी राजा वारला. एकीकडे रोगाचे कारण नेमके हेरणारी नजर आणि दुसरीकडे ग्रहतारे, स्वप्ने, शकुन यांवरचा गाढ विश्वास, हे मिश्रण कार्डानोमध्ये शेवटपर्यंत होते. जुगारातही तो एका हाताने संधी मोजी आणि दुसऱ्या हाताने नशिबाचा कौल घेई.

छत्तीस शक्यतांचा हिशेब

जुगारावरचे त्याचे टिपण तरुणपणी सुरू झाले आणि साठी ओलांडल्यावर, १५६४ च्या सुमारास, त्याने त्यावर पुन्हा हात फिरवला. ‘लिबेर द लुदो आलेए’, म्हणजे संधीच्या खेळांचे पुस्तक, असे त्याचे लॅटिन नाव. त्यात ३२ लहान-मोठी प्रकरणे आहेत.

त्यातील मूळ कल्पना आज शाळेत शिकवली जाते. एखादी गोष्ट घडण्याची संधी मोजायची तर आधी एकूण किती गोष्टी सारख्याच सहजतेने घडू शकतात ते मोजा, मग त्यातल्या आपल्याला हव्या असलेल्या किती ते मोजा आणि दोहोंची तुलना करा. दोन फाशांचे ३६ आणि तीन फाशांचे २१६ प्रकार त्याने बरोबर मोजले. तोवर जुगारी लोक अनुभवाने आणि अंदाजाने खेळत. मोजून पाहता येते, हे त्याने दाखवले.

त्याच्या चुकाही शिकण्यासारख्या आहेत. एक फासा सहा बाजूंचा. मग तीन वेळा टाकला तर हवा तो अंक पडण्याची संधी निम्मी, असे त्याने एका ठिकाणी धरले. हे बरोबर नाही. तीनदा टाकून ही संधी सुमारे ४२ टक्केच होते; निम्म्याच्या वर जायला चार वेळा टाकावा लागतो. दोन फाशांच्या बाबतीतही १८ वेळांत एखादी विशिष्ट जोडी पडण्याची संधी त्याने निम्मी मानली. प्रत्यक्षात ती सुमारे ४० टक्के असते आणि निम्म्याच्या वर जायला २५ वेळा फासे टाकावे लागतात. चूक कुठे आहे? संधींची नुसती बेरीज केली आहे. एकच अंक दोनदा पडू शकतो, हे बेरजेत दिसत नाही. पुढच्या प्रकरणांत, ओळीने येणाऱ्या यशाचा विचार करताना मात्र तो अडखळत का होईना गुणाकारापर्यंत पोहोचला. निम्म्या संधीची गोष्ट सलग तीनदा घडण्याची संधी आठांत एक, हे त्याला उमगले. आधीचे चुकीचे लिखाण त्याने खोडले नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला त्याचे चाचपडणेही दिसते.

पोकरच्या मेजावर हेच गणित रोज लागते. टेक्सास होल्डएम या आज सर्वत्र रूढ असलेल्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात आणि मेजावर टप्प्याटप्प्याने पाच उघडे पत्ते मांडले जातात. समजा, आपल्या हातात बदामचे दोन पत्ते आहेत आणि मेजावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत आणखी दोन बदाम आले. पाचवा बदाम आला तर आपला रंग पुरा होतो. न दिसलेले पत्ते ४७ आणि त्यात बदाम नऊ. म्हणजे पुढच्या पत्त्यावर काम होण्याची संधी सुमारे १९ टक्के, साधारण पाचांत एक. आता समोरच्याने लावलेली रक्कम धरून मेजावर ३०० रुपये आहेत आणि पुढचा पत्ता पाहण्यासाठी आपल्याला १०० भरायचे आहेत. चारशेतले शंभर आपले, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकलो तर बरोबरी. संधी पाचांत एक असताना असे पैसे भरत राहिले, तर एखादा डाव जिंकूनही शेवटी तोटाच होतो. मेजावर ६०० रुपये असते तर सातांत एकदा जिंकूनही बरोबरी झाली असती आणि तेच शंभर भरणे शहाणपणाचे ठरले असते. पत्ते तेच, निर्णय वेगळा. नवखा खेळाडू नुसते आपले पत्ते पाहतो. जाणता खेळाडू पत्त्यांबरोबर किंमतही पाहतो.

घाईच्या हिशेबासाठी खेळाडू एक सोपी रीत वापरतात. आपल्या उपयोगी पत्त्यांना, म्हणजे आऊट्सना, एक पत्ता यायचा असेल तर दोनाने आणि दोन यायचे असतील तर चाराने गुणायचे. येते ती टक्केवारी. नऊ आऊट्सना चाराने गुणले की ३६, खरे उत्तर सुमारे ३५. पण १५ आऊट्स असतील तर ही रीत ६० सांगते आणि खरे उत्तर ५४ च्या आसपास असते. कार्डानोची बेरजेची चूक इथे नव्या वेशात येते. संख्या लहान असेल तोवर ती खपून जाते, मोठी झाली की दगा देते.

आणखी एक आकडा नवख्याने लक्षात ठेवावा. होल्डएममध्ये पहिल्या दोन पत्त्यांत एकाच किमतीची कोणतीही जोडी येण्याची संधी सतरांत एक आणि दोन एक्के येण्याची २२१ मध्ये एक. म्हणजे वाटले जाणारे बहुतेक पत्ते टाकून देण्यासारखेच असतात. कंटाळा येतो म्हणून प्रत्येक डावात उतरणे, ही नवख्याची सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग चूक. बराच वेळ चांगले पत्ते आले नाहीत म्हणून आता येतीलच, हे मानणे ही त्याचीच धाकटी बहीण. गड्डी पुन्हा पिसली की मागचे सारे पुसले जाते. पत्त्यांना स्मरण नसते.

वैद्याच्या नजरेतून

कार्डानोच्या पुस्तकाचा मोठा भाग गणिताचा नाही, तो माणसांच्या वर्तनाचा आहे. जुगार हा मुळात वाईटच, पण तो इतके लोक खेळतात, की बऱ्या न होणाऱ्या रोगाप्रमाणे त्याचाही वैद्याने विचार केला पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. क्वचित खेळावे, थोडा वेळ खेळावे, सणासमारंभासारख्या प्रसंगी आणि योग्य जागी खेळावे, ही त्याची पथ्ये. दुःखात किंवा आजारपणात मन रमवण्यापुरता खेळ त्याला मान्य होता. वकील, वैद्य आणि अधिकारपदावरच्या माणसांनी मात्र या फंदात पडू नये, लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो, असे या वैद्याने लिहून ठेवले.

खेळाचा पाया समानता हा आहे, असे तो मानी. प्रतिस्पर्धी, पाहणारे, पैसा, जागा आणि खेळाची साधने या सर्व बाबतींत दोन्ही बाजू सारख्या असाव्यात. पारडे समोरच्याकडे झुकलेले असताना जो खेळतो तो मूर्ख आणि आपल्याकडे झुकलेले असताना जो खेळतो तो अन्यायी, असा त्याचा निवाडा होता. पोकर खेळणाऱ्याने बसण्यापूर्वी मेजाभोवतीची माणसे पाहावीत, हा सल्ला याच जातीचा. उत्तम खेळाडूंच्या मेजावर बसलेला मध्यम खेळाडू हरतो, मग त्याला गणित कितीही येवो.

फसवणुकीचे प्रकार त्याने बारकाईने नोंदवले आहेत. खुणा केलेले पत्ते, घसरावेत म्हणून साबण लावलेले पत्ते, अंगठीत बसवलेला छोटा आरसा, वजन बदललेले फासे, खेळाडूजवळ उभे राहून चुकीचा सल्ला देणारे किंवा मुद्दाम चिडवणारे बघे, हे सारे त्यात आहे. व्हेनिसचा तो डाव तो विसरला नव्हता. फसवणुकीची शंका आली तर भांडत न बसता उठून जावे, हे शहाणपण मात्र कट्यार चालवणाऱ्याला उशिरा आले.

रागाविषयी त्याने लिहिले ते तर आजच्या कोणत्याही पोकरच्या पुस्तकात शोभेल. हरल्यामुळे जाणाऱ्या पैशापेक्षाही जाणारा तोल त्याला अधिक घातक वाटे. संतापलेला माणूस हिशेब विसरतो, मोठी रक्कम लावतो आणि समोरच्याच्या हातात आयता सापडतो. पोकरवाले या अवस्थेला टिल्ट म्हणतात. एखादा जिंकत आलेला डाव शेवटच्या पत्त्यावर हातचा जातो आणि मग माणूस पुढचे दहा डाव त्या एका डावाचा सूड म्हणून खेळतो. यावर उपाय एकच, मेजावरून उठणे. खेळाने वेळ जातो, कामे राहतात, प्रतिष्ठा जाते, हेही कार्डानोने हिशेबात धरले होते. सारे जमेस धरून त्याचा निष्कर्ष असा, की जुगारातला सर्वांत मोठा फायदा मुळात न खेळण्यात आहे.

घरात फिरलेला फासा

ही पथ्ये त्याने लिहिली तेव्हा त्याच्या घरावर संकटांमागून संकटे आलेली होती. पत्नी १५४६ मध्येच वारली होती. थोरला मुलगा जिआंबातिस्ता हा त्याचा लाडका. वैद्यक शिकलेल्या या मुलाने १५५७ मध्ये गुपचूप लग्न केले. ते सुखाचे झाले नाही. शेवटी त्याने पत्नीला विष घातले. खटल्यात कार्डानोने पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही पणाला लावली, पण मुलाला तो वाचवू शकला नाही. एप्रिल १५६० मध्ये जिआंबातिस्ताचा शिरच्छेद झाला. कार्डानो त्या दुःखातून कधीच पुरता सावरला नाही. मिलान आणि पाव्हियात राहणे अशक्य झाल्याने १५६२ मध्ये तो बोलोन्याला वैद्यकाचा प्राध्यापक म्हणून गेला.

धाकटा आल्दो याने बापाचा दुसरा वारसा उचलला. तो अट्टल जुगारी झाला. स्वतःची चीजवस्तू, अंगावरचे कपडे आणि बापाचा बराच पैसा त्याने डावावर घालवला. १५६९ मध्ये त्याने बापाच्याच घरात शिरून रोकड आणि जडजवाहीर चोरले. ज्याने एकेकाळी पत्नीचे दागिने गहाण टाकले होते, त्याच्यावर स्वतःच्या मुलाविरुद्ध अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेण्याची वेळ आली. आल्दोला बोलोन्यातून हद्दपार करण्यात आले. मुलाला सांगण्याजोगे सर्व काही बापाने लिहून ठेवले होते. पण मुलाने बापाचे लिखाण गिरवले नाही, त्याचे वागणे गिरवले.

१५७० मध्ये इन्क्विझिशन या धार्मिक न्यायपीठाने कार्डानोला अटक केली. येशू ख्रिस्ताची कुंडली मांडण्याचे धाडस त्याने पूर्वी केले होते. काही महिन्यांनी सुटका झाली, पण अध्यापन आणि ग्रंथ प्रसिद्ध करणे यांवर बंदी आली. तो रोमला गेला. तेथे पोपकडून त्याला निवृत्तिवेतन मिळाले आणि अखेरच्या काळात त्याने आत्मचरित्र लिहिले. आपले गुण, दोष, आजार, भीती, मुलांचे दुर्दैव आणि जुगाराचे व्यसन, काहीही त्याने त्यात झाकले नाही. २१ सप्टेंबर १५७६ रोजी, पंचाहत्तरी पूर्ण व्हायला तीन दिवस असताना त्याचे निधन झाले. आपल्याच मृत्यूचे भाकीत खरे ठरावे म्हणून त्याने अन्न सोडले, अशी दंतकथा नंतर पसरली.

जुगारावरचे त्याचे पुस्तक त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही. ते प्रसिद्ध झाले १६६३ मध्ये, त्याच्या समग्र ग्रंथांच्या पहिल्या खंडात. तोपर्यंत पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ मधील पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्राचा पाया घातला होता आणि जनकत्वाचा मान त्यांच्याकडे गेला. कार्डानोची बाजू नीट मांडली गेली ती विसाव्या शतकात, ऑयस्टीन ओरे या नॉर्वेजियन गणितज्ञाने १९५३ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले तेव्हा. त्याला जोडून जुगारावरच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही वाचकांपुढे आले.

आज विमा, हवामानाचा अंदाज, औषधांच्या चाचण्या हे सारे ज्या शास्त्रावर उभे आहे, त्याची पहिली पाने एका जुगाऱ्याने लिहिली. पोकर शिकणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी घेता येतात. नऊ पत्ते आणि ४७ पत्ते यांचे प्रमाण तासाभरात शिकता येते. वेळ झाली की उठणे मात्र हिशेबाने शिकता येत नाही. त्यासाठी किती रक्कम आणि किती वेळ, हे मेजावर बसण्यापूर्वीच, डोके थंड असताना ठरवावे लागते. बसल्यावर ते ठरवणारा माणूस निराळा असतो. कार्डानोसारख्या बुद्धिमंतालाही बसल्यावर ते साधले नाही. त्याने ते प्रांजळपणे लिहून ठेवले, हे त्याचे आपल्यावरचे उपकारच म्हटले पाहिजेत.